दारातलं झाड डोईजड झालं, तर आधी काय आणि मग काय

मे महिन्यात वळवाचा पहिला दणका बसतो, कुणाच्या तरी दारातला गुलमोहर गाडीवर आडवा होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी गल्ली झाड तोडणाऱ्याचा नंबर शोधायला लागते. चूक इथेच सुरू होते. या कामात झाड तोडणारा सहाव्या टप्प्यावर येतो, आणि आपण पहिला फोन त्यालाच करतो. मग परवानगी राहून जाते, फांदी तारेवर पडते, शेजाऱ्याची कौलं फुटतात. एवढं होऊनही बुडखा, म्हणजे कापल्यावर जमिनीत उरलेला भाग, तसाच राहतो आणि आषाढात त्याच्यातून झाडूसारखे धुमारे वर येतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली ओळखीची माणसं मला हे विचारतात ती बहुतेक वेळा काम बिघडल्यावर. म्हणून काम सुरू करण्याआधी वाचायला हे लिहून ठेवतोय. टप्पे दिलेत त्याच क्रमाने घ्या.

१. दुखणं नेमकं कशाचं, ते आधी लिहून काढा

"झाडाचा त्रास होतो" एवढ्यावर काही ठरवता येत नाही. कागदावर एक ओळ लिहा: त्रास पडण्याचा आहे, मुळांचा आहे, फुटव्यांचा आहे, की कचऱ्याचा आणि वासाचा? उपाय त्यावर ठरतो.

पडण्याची भीती असलेली झाडं आपल्याकडे ठरलेली आहेत. गुलमोहर आणि पेल्टोफोरम, म्हणजे पिवळ्या फुलांचा सोनमोहर, भराभर वाढतात पण त्यांचं लाकूड ठिसूळ असतं. पिचकारीचं झाड, ज्याला आफ्रिकन ट्युलिप म्हणतात, त्याहून ठिसूळ. सिल्व्हर ओक आणि निलगिरी सरळसोट उंच जातात आणि वाऱ्यात मधूनच मोडतात. परड्यातला शेवगा तर शेंगा काढायला चढलेल्या माणसाला घेऊनच खाली येतो. वर पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांची गर्दी होते ती वेगळीच.

मुळांचं दुखणं वड, पिंपळ, उंबर आणि कुंडीतून जमिनीत उतरलेल्या फायकसचं. आता त्यात कोनोकार्पसची भर पडली आहे. नवीन लेआउटमध्ये कंपाउंडला हिरवी भिंत म्हणून ओळीने लावतात ते हे झाड. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, आपल्याकडे मात्र नर्सरीवाल्याला "लवकर वाढणारं काहीतरी द्या" म्हटलं की पुष्कळदा हेच हातात पडतं. रेनट्री हे मैदानाचं झाड. तीस बाय चाळीसच्या प्लॉटमध्ये त्याला जागाच नाही.

फुटव्यांचा त्रास सुबाभळीचा आणि बुचाचा. सुबाभळीच्या शेंगा तडकल्या की पुढच्या पावसात अंगणभर रोपं उगवतात. बुचाच्या मुळांतून दहा-दहा फुटांवर नवे कोंब निघतात.

उरला कचरा आणि वास. सप्तपर्णी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलते तेव्हा रात्री खिडकी उघडणं नकोसं होतं, आणि काही जणांचं डोकं उठतं. देशी बदामाची पानं ताटाएवढी, नाल्यात अडकायला तयार. कंपाउंडच्या कडेच्या उंच अशोकाची आणि बदामाची फळं वटवाघळं रात्री खातात आणि बिया गाडीवर टाकतात. जांभूळ फरशी जांभळी करतं.

आता वाचलेली यादी परत एकदा बघा. शेवटच्या गटातल्या एकाही तक्रारीसाठी झाड मुळासकट काढायची गरज नसते. सप्तपर्णीच्या बेडरूमकडच्या फांद्या फुलण्याआधी, गणपतीच्या सुमारास हलक्या छाटल्या तरी बरंच निभावतं. तोडायची घाई पहिल्या दोन गटांत, आणि तीही तपासणीनंतरच.

> थांबा: ड्रेनेजमध्ये मुळं सापडली म्हणून लगेच झाडाला दोष देऊ नका. चांगला पाइप मुळं सहसा फोडत नाहीत. सांध्यातून पाणी झिरपत असेल तिथेच ती शिरतात. जुने मातीचे पाइप सिमेंटच्या सांध्यांनी जोडलेले असतील तर आधी ते बदला. नाहीतर झाड तोडाल, आणि दोन वर्षांनी शेजारच्या झाडाची मुळं त्याच फटीत येतील.

२. झाड बुडापासून शेंड्यापर्यंत तपासा

अर्धा तास लागतो. पाऊस पडून गेल्यावर, माती ओली असताना बघितलंत तर उत्तम.

बुडाभोवती एक चक्कर मारा. झाड एका बाजूला कललं असेल तर विरुद्ध बाजूची माती उचलली गेली आहे का, जमिनीला भेग आहे का, ते बघा. वर्षानुवर्षं तिरपं वाढलेलं झाड आणि या महिन्यात कललेलं झाड यांत फरक असतो. पहिल्याचा शेंडा परत सरळ वर वळलेला दिसतो, दुसऱ्याचा नाही. दुसरं धोक्याचं.

बुडाला किंवा वर आलेल्या मुळांवर टणक, तपकिरी, फळीसारखी अळंबी आली असेल तर आतलं लाकूड कुजायला लागलंय. वरून पानं हिरवीगार असली तरीही. खोडावर लाकडी मोगरीने ठोका. भरीव आवाज बदलून मध्येच ढोलासारखा आला तर तिथे पोकळी आहे.

मग मान वर करा. दोन जाड फांद्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या अगदी चिंचोळ्या कोनात फुटल्या असतील तर त्या जोडात साल दबून राहते आणि तो जोड कच्चा असतो. वाळलेल्या फांद्या मोजा. आधी कुणी शेंडा उडवला होता का, तेही बघा.

> तपासा: छातीच्या उंचीवर खोडाचा घेर टेपने मोजून लिहून ठेवा. झाडापासून भिंत, आड, सेप्टिक टँक आणि विजेची तार किती फुटांवर आहेत तेही. चारही बाजूंनी फोटो काढा, एका फोटोत माणूस उभा करा म्हणजे उंची कळते. हे सगळं चौथ्या टप्प्याला लागणार आहे.

जमिनीचाही विचार इथेच करून घ्या. बेळगाव शहराच्या बऱ्याच भागात आणि खानापूरकडे तांबडी, जांभ्याची माती. चिकोडी, निपाणी, अथणीकडे काळी. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि भिंतीजवळचं मोठं झाड उन्हाळ्यात तिच्यातलं पाणी ओढून त्यात भर घालतं. पण तेच झाड एकदम काढलं की ते ओढत होतं तेवढं पाणी मातीत राहतं आणि माती जास्त फुगू शकते. म्हणून काळ्या मातीत मोठं झाड काढल्यावर लगेच फरशी-प्लास्टरची दुरुस्ती काढू नका. दोन पावसाळे जाऊ द्यात. घाईने केलेलं प्लास्टर परत तडकतं आणि शिव्या गवंड्याला बसतात.

३. वेळ धरा

दिवाळी झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ छाटणीला सगळ्यात सोयीचा. खोड कोरडं असतं, चढणारा घसरत नाही, जखमेत पाणी मुरत नाही. वळवाआधी काम संपतं, हा मोठा फायदा. आंबा मात्र फळं उतरल्यावर छाटायचा, थंडीत छाटलात तर मोहोर घालवून बसाल.

मे ते जुलै बगळे, कावळे, साळुंक्या घरटी करतात. पिल्लं असलेलं झाड त्या दिवसांत पाडू नका. धोक्याची एखादी फांदी असेल तर तेवढीच काढा.

४. कागद आधी

कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा १९७६ चा आहे, आणि झाड आपल्या अंगणात, आपल्या पैशाने लावलेलं असलं तरी तो लागू होतो. "माझं झाड, माझी कुऱ्हाड" हे इथे चालत नाही. तोडायला वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. निलगिरी, सुरू, सुबाभूळ, सिल्व्हर ओक, नारळ अशा काही झाडांना तोडीच्या परवानगीतून सूट आहे. तरी तोडण्याआधी कार्यालयात विचारून घ्या, कारण लाकूड टेम्पोत भरून रस्त्यावर आणलं की वाटेत विचारणारे भेटतात.

झाड कंपाउंडच्या बाहेर, रस्त्याकडेला असेल तर ते तुमचं नाही. तिथे महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत, आणि कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड. रोज त्याला पाणी तुम्ही घालत असलात तरीही.

अर्जाबरोबर उतारा, घरपट्टीची पावती, ओळखपत्र, दुसऱ्या टप्प्यात काढलेले फोटो आणि हाताने काढलेला साधा नकाशा लावा. नकाशात घर, झाड, तार आणि अंतरं फुटांत लिहा. शहरातल्या मिळकतीला सीटीएस नंबर, म्हणजे सिटी सर्व्हेचा क्रमांक, घालायला विसरू नका.

अर्ज कन्नडमध्ये असला की काम लवकर सरकतं, हा माझा अनुभव. कचेरीच्या आवारातल्या टायपिस्टकडून करून घ्या, पण झाडाचं नाव तुम्ही स्वतः तपासा. टायपिस्टला झाडं ओळखू येतातच असं नाही, आणि नाव चुकलं की पाहणीला आलेला माणूस परत जातो. पिंपळ म्हणजे अरळी, वड म्हणजे आलद, उंबर म्हणजे अत्ति, कडुनिंब म्हणजे बेवू, चिंच म्हणजे हुणसे, जांभूळ म्हणजे नेरळे, फणस म्हणजे हलसू. शिसवी असेल तर बीटे, चंदन असेल तर श्रीगंध.

कारण लिहिताना "कचरा होतो, त्रास होतो" एवढंच लिहिलंत तर अर्ज पडून राहण्याची शक्यता जास्त. झाड वाळलेलं, रोगट, वाऱ्याने उन्मळलेलं, किंवा जिवाला-मालमत्तेला धोक्याचं असेल तर परवानगी नाकारू नये अशी तरतूद कायद्यातच आहे. तपासणीत सापडलेलं जे खरं आहे ते नेमकं लिहा: बुडाला अळंबी, उत्तरेकडे माती दोन इंच उचललेली, घर आठ फुटांवर. परवानगीबरोबर बदली झाड लावायची अट येते. ती वाचा आणि पाळा.

> सावधान: परड्यात चंदन आपोआप उगवतं, पक्षी बी टाकतात. चंदन, सागवान किंवा शिसवीला परवानगी हातात येईपर्यंत कोयता लावू नका. "अडचण होतेय, बाजूला करू" म्हणून तोडलेलं चंदन ही अडचण राहत नाही, केस होते.

अर्जाची पोच घ्या. तारखेचा शिक्का असलेली.

५. तार, शेजारी, मोहोळ

तारेला फांदी टेकत असेल तर हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, कळवा. १९१२ या नंबरवर तक्रार नोंदवताना बिलावरचा आरआर नंबर हाताशी ठेवा, आणि भागातल्या लाइनमनशी बोलून दिवस-वेळ ठरवा. लाइन बंद झाल्याचं लाइनमनने तोंडाने सांगितल्याशिवाय झाडावर कुणी चढायचं नाही. घरातले दिवे गेलेत म्हणजे समोरची तार बंद आहे असं नसतं. ती दुसऱ्या फेजची असू शकते. ओला बांबू, हिरवी फांदी, ॲल्युमिनियमची शिडी, सगळ्यांतून करंट येतो.

शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगा, आणि "उद्या जरा झाड तोडतोय" असं मोघम नको. "आण्णा, उद्या नऊ वाजता गाडी जरा गल्लीच्या तोंडाला लावा, आणि वहिनींना सांगा माडीवर धुणं वाळत घालू नका" असं सांगा. कौलं किंवा पत्रा असेल तर त्याचे फोटो काढून ठेवा, त्याच्यादेखत. नंतर कुठलं कौल कधी फुटलं यावर बोलाचाली होत नाही.

उंच झाडावर आग्या मोहोळ आहे का, ते दोन दिवस आधी दुर्बिणीने किंवा मोबाइल झूम करून बघा. असेल तर काम पुढे ढकला. करवतीच्या धक्क्याने आग्या उठला की फक्त झाडावरच्या माणसाला चावत नाही, गल्लीतल्या शाळेच्या पोरांनाही चावतो.

६. आता माणूस बोलवा

बोलणी दोन प्रकारची असतात. एक, मजुरी तुम्ही द्यायची, लाकूड तुमचं. दोन, लाकडाच्या बदल्यात तोड फुकट. दुसऱ्या प्रकारात त्याचं लक्ष जाड बुंध्यावर असतं. तो वखारीला जातो, आणि फांद्या, पाला, बुडखा तुमच्या दारात राहतो. मला हे एकदा नडलंय. सुबाभळीची चार झाडं "फुकट" गेली, आणि तीन ट्रॉल्या पाला उचलायला मी मजुरीपेक्षा जास्त पैसे मोजले.

म्हणून साध्या वहीच्या कागदावर पाच गोष्टी लिहून दोघांनी सही करा: पाला कोण उचलणार, बुडखा जमिनीपासून किती इंचांवर कापणार, भिंत-कौलं फुटली तर कुणी भरायचं, दोर आणि माणसं किती, आणि पैसे कधी. सगळे पैसे आगाऊ देऊ नका.

तोडणारा एक वाक्य हमखास बोलतो: "मालक, मुंडी उडवून टाकूया की, परत पाच वर्षं बघायला नको." नाही म्हणा. शेंडा उडवलेलं झाड घाबरून झपाट्याने फुटतं. नवे धुमारे जाड दिसतात पण वरवर चिकटलेले असतात, आतल्या लाकडात रुजलेले नसतात. कापलेल्या जागी कूज शिरते. पाचव्या वर्षी तेच धुमारे हाताएवढे होऊन वळवात तुटून पडतात. बेळगावच्या टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत रस्त्याकडेला ही मुंडी उडवलेली झाडं उभी आहेत, जाता-येता बघा.

७. छाटणी असेल तर तीन काप

जाड फांदी एका कापात कापली की ती पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. तीन कापांत हे होत नाही.

पहिला काप खालून, खोडापासून फूटभर अंतरावर, फांदीच्या जाडीच्या एक तृतीयांश. दुसरा वरून, पहिल्याच्या दोन-तीन इंच बाहेर, आरपार. फांदी मोडून सरळ खाली येते, साल पहिल्या कापापाशी थांबते. उरलेला खुंट हलका असतो. तो तिसऱ्या कापात काढा.

तिसरा काप कुठे घ्यायचा यातच सगळी मेख आहे. फांदी खोडाला मिळते तिथे बांगडीसारखा फुगवटा असतो, सुरकुत्या पडलेला. त्या फुगवट्याच्या जेमतेम बाहेर कापा. जखम भरून आणणारा भाग तोच. खोडाशी सपाट कापलंत तर तो फुगवटा गेला. वीतभर खुंट ठेवलात तर खुंट कुजतो आणि कूज आत जाते. नीट कापलेली जखम वर्षा-दोन वर्षांत कडेने गोल ओठासारखी भरत येताना दिसते.

कापलेल्या जागी डांबर, ऑइलपेंट, सिमेंट काही फासू नका. ओल आत कोंडते. आंब्यासारख्या फळझाडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावली तर हरकत नाही. आणि एका वर्षात एकूण फांद्यांच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त काढू नका.

> सावधान: आंब्याच्या चिकाने कातडी भाजते. कुंपणाच्या शेराचा चीक डोळ्यात गेला तर नजरेवर बेततं. चष्मा घाला, पोरांना लांब ठेवा. पिवळ्या कण्हेरीची लाकडं जळण म्हणून चुलीला लावू नका.

मुळं कापायची असतील तर एकाच बाजूची कापा, आणि खोडाच्या व्यासाच्या निदान तिप्पट, जमलं तर पाचपट अंतर सोडून. दीड फूट व्यासाचं खोड असेल तर साडेचार फुटांच्या आत कुदळ नको. फरशी उचलली म्हणून बुडालगतचं जाड मूळ कापणं म्हणजे तंबूची दोरी कापून तंबूत झोपणं. ते झाड पुढच्या वळवात घराच्या बाजूला येतं.

८. तोडायचंच असेल तर

मोकळी जागा झाडाच्या उंचीच्या दीडपट असेल तरच एका घावात पाडायचं. गल्लीत ती नसते, म्हणजे वरून तुकड्या-तुकड्याने दोराने उतरवायचं. दोर नायलॉनचा, जाड, गाठी नसलेला. खालच्या माणसाने तो हाताला गुंडाळू नये, दुसऱ्या झाडाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन सोडावा. चढणाऱ्याला पट्टा आणि हेल्मेट नसेल तर काम सुरू करू देऊ नका. तो "सवय आहे मालक" म्हणेल. म्हणू द्या.

वारा सुटला की थांबायचं. दुपारी चार वाजता ढग काळे झाले आणि फांदी अर्धी कापलेली आहे, ही वेळ मे महिन्यात काम काढणाऱ्यांवर येते.

९. बुडखा: सगळ्यात जास्त इथे चुकतं

माणसं पैसे देऊन मोकळी होतात आणि बुडखा तसाच राहतो. नारळासारखी झाडं कापली की संपतात. सुबाभूळ, निलगिरी, पिंपळ, उंबर, कडुनिंब, गिरिपुष्प परत फुटतात. माझ्या परड्यातली सुबाभूळ मार्चमध्ये कापली होती, जुलैमध्ये एका बुडख्याला मी अठरा कोंब मोजले.

कामाचा मार्ग असा. जमिनीलगत, शक्य तितकं खाली कापा. जेसीबी आत येत असेल आणि जवळ पाइप, आड, पाया नसेल तर बुडखा उपटून काढणं सगळ्यात पक्कं. येत नसेल तर बुडख्याची साल चारही बाजूंनी जमिनीच्या खाली चार इंचांपर्यंत सोलून काढा, वर काळं जाड प्लास्टिक टाकून कडेने माती दाबा, आणि दर पंधरा दिवसांनी प्लास्टिक उचलून बघा. कोंब बोटाएवढा व्हायच्या आत काढायचा, कापायचा नाही, बुडातून मोडायचा. दोन पावसाळे हे नेटाने केलं की मुळातला साठा संपतो. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

तणनाशक लावायचं असेल तर कापल्यापासून पाच-दहा मिनिटांत, ब्रशने, सालीलगतच्या ओल्या कड्यावर. मधल्या वाळक्या लाकडावर लावून उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी लावलंत तर पैसे वाया, कारण तोवर कापलेली जागा मिटते. पाऊस येणार असेल त्या दिवशी नको. ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरता ठेवला आहे, म्हणून ते काम त्यांच्याकडूनच करून घ्या.

> हे करू नका: बुडख्याला भोकं पाडून मीठ, डिझेल, ॲसिड, बॅटरीचं पाणी ओतणं. आपल्याकडे जुन्या घरात परड्यात आड असतोच. ओतलेलं मुरतं आणि तिथे जातं. तुमच्या नाही तर शेजाऱ्याच्या. मिठाने घराच्या पायातली सळई गंजते. बुडखा पेटवला तर आग वाळक्या मुळातून आतल्या आत कित्येक दिवस धुमसत राहते.

१०. भिंतीतला पिंपळ

याला वेगळा टप्पा, कारण इथे क्रम उलटा आहे: थांबायचं नाही, तपासत बसायचं नाही. पक्ष्याच्या विष्ठेतून बी पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, फटीत, पावसाळी पाइपच्या सांध्यात, टाकीखाली पडतं. दोन पानांचं असताना चिमटीत येतं. दोन वर्षांनी येत नाही.

बेळगावच्या शहापुरात आमच्या जुन्या घराच्या मागच्या भिंतीत एक पिंपळ होता. खोड पेन्सिलीहून थोडं जाड. दर दिवाळीला रंगकामाच्या वेळी कुणीतरी तो कापायचा, आणि तो परत यायचा. शेवटी गवंड्याने नारळ फोडला, हात जोडले आणि चार चिरे सोडवले. आत मूळ नव्हतं, पट्टी होती. दोन चिऱ्यांमध्ये दबून खाटेच्या नवारीसारखी चपटी झालेली, पांढरट, चार फूट लांब. वर पेन्सिल, आत नवार. कितीही कापला असता तरी तो आलाच असता.

म्हणून: कापू नका, सोडवा. चिरे किंवा विटा काढून मूळ सापडेल तिथपर्यंत जा, ओढून तोडू नका, तुटलेला तुकडा परत फुटतो. शेवटचा भाग निघतच नसेल तर ताज्या कापावर नवव्या टप्प्यातला उपाय करा, आणि मग फट चुन्या-सिमेंटने दाबून भरा. ओलीचं कारण, म्हणजे गळका पाइप किंवा फुटकी वाटा (गच्ची आणि कठड्याच्या सांध्यातला गोलसर गिलावा), त्याच दिवशी दुरुस्त करा. पिंपळ काढायला मन धजत नसेल तर लहान असतानाच मुळासकट काढून गावाबाहेर देवळाच्या आवारात लावा. तिथे तो शंभर वर्षं राहील.

११. रिकाम्या जागेत काय

बुडख्याच्या खड्ड्यात लगेच नवं झाड लावू नका. जुनी मुळं कुजताना माती बसते आणि रोप कलतं. पाच-सहा फूट सरका.

अंतर हे असं धरा: लहान झाड भिंतीपासून आठ-दहा फूट, मध्यम पंधरा-वीस, मोठं तीसच्या पुढे. तेवढी जागा नसेल तर मोठं झाड लावायचंच नाही. नवा बंगला बांधणाऱ्यांना सावली "या वर्षी" हवी असते, आणि या लेखातली निम्मी झाडं त्या घाईतूनच दारात आलेली असतात.

छोट्या अंगणाला पारिजातक, डाळिंब, पेरू, लिंबू, कुंती, अनंत पुरेत. जरा ऐसपैस असेल तर तामण किंवा बहावा. तामण खानापूरकडच्या ओल्या हवेत खूश असतो, अथणीच्या कोरड्यात त्याला पाणी द्यावं लागतं. सोनचाफा लावा पण पाण्याच्या टाकीपासून लांब. कढीलिंब जरूर लावा, फक्त त्याची पिलावळ मुळातून बाहेर पडते, ती दर पावसाळ्यात काढायची तयारी ठेवा. निलगिरी कुणी फुकट दिली तरी नको. कर्नाटक सरकारने २०१७ मध्येच तिच्या नव्या लागवडीवर बंदी घातली होती.

लावलेल्या रोपाचा तारखेसकट फोटो परवानगीच्या कागदाला टाचून ठेवा. आणि दसऱ्याला घर धुवायला माडीवर जाल तेव्हा पॅरापेटच्या बाहेरच्या बाजूने एकदा हात फिरवा. दोन पानांचं काही लागलं तर तिथल्या तिथे उपटा.